खिडक्यांच्या जाळ्या

आमच्या काँडोतल्या शेजारच्या काकूंना घरी मुलं सांभाळायची रीतसर परवानगी हवी होती. फॉर्म मी भरायचे, त्या समोर इथल्या लिटिल इंडिया बाजारातून आणलेली गवार मोडत बसायच्या. त्या या देशात नवऱ्याच्या व्हिसा-पासवर, म्हणून आधी सरकारचं कामासाठीचं संमतीपत्र. मग मेडिकल, मग फी भरून प्रथमोपचाराचा कोर्स. मी वैतागायचे. त्या म्हणायच्या, "बरं. पुढे?"

मुलं पडू नयेत म्हणून खिडक्यांना जाळ्यासुद्धा त्यांनी पदरमोड करून लावल्या.

शेवटी घरमालकाचं परवानगीचं पत्र राहिलं. त्याने सरळ नाही म्हणून कळवलं. मी वाचून दाखवलं.

"बरं. पुढे?"

पुढे काहीच नव्हतं. त्यांनी गवारीची देठं कागदात गुंडाळली.

"तुझ्या लेकीला आणत जा खेळायला. जाळ्या आहेत आता."