जुन्या भट्टीत मांडलेला चहा

एकसष्ट-बासष्ट साल असंन. कळंबापासून दोन कोसावर जुन्या उजाड गावाच्या पांढरीवर खोदकाम चालू होतं. मी अन् माही बायको रोजीनं गेलतो. मी अंगठाछाप, पन घमेलं उचलाले शाळा लागत नाई.

एक दिवस मातीखालून गोल भट्टी निंगाली, आतून लाल भाजलेली. दुसऱ्या दिवशी खोदकामाचे सायेब काचेच्या डबीतली सुई घेऊन तिच्यापाशी बसले. मी इचारलं, "सायेब, सुईनं काय शिवून राह्यले?"

ते म्हनले, "या मातीत लोखंडाचे बारीक कण आहेत. भट्टी तापून थंड झाली, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्यांनी धरून ठेवली. ती दिशा हळूहळू सरकत असते. म्हणून भट्टी शेवटची कधी पेटली, ते शोधता येतं. कच्च्या मातीत हे जमत नाही."

"मंग माह्या डोक्याले लावून पाहा ना, वय तरी समजन!"

मांगून बायको म्हने, "डोकं पयले भाजून आना. कच्चं चालत नाई, आयकलं नाई का?"

सारे हासले. मी मात्र भट्टीच्या तोंडाकडं पाहू लागलो. शेवटची कधी पेटली म्हने! सकाळीच, सायेब यायच्या आंदी, मी त्याच भट्टीत चहा मांडलता. अशी तयार चूल देखून राहवलं नाई. राख बी पुसलती, शाबासकी भेटन म्हनून.

चूप राह्यलो असतो तं कोनाले समजलं नसतं. पन सायेबाची हजार वर्साची भट्टी माह्या चहाच्या वर्साची निंगाली तं? सांगून टाकलं.

सायेबाचं तोंड उतरलं. "कुठे पेटवलं? किती वेळ? लाकूड कोणतं?"

शिकल्या मानसानं मले इतकं कधी इचारलं नव्हतं. "तोंडापाशी. कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ, एका उकळीचा. दूध नव्हतं." दुधाचं काहून सांगितलं कोन जाने.

त्यायनं मांगची भिंत बोटानं ठोकून पाह्यली. तिच्यावर पांढरं पिलास्तर थापलं, सुई पाहून उत्तरेची रेघ मारली, मंगच तुकडे कापले. शेवटी माह्या चुलीपासचा बी एक घेतला.

"हा कायले? हा तं बिघडला."

"पाहू तरी, किती बिघडला ते."

पुढच्या हिवाळ्यात सायेब आले तं मी घमेलं टाकून धावलो. "काय झालं भट्टीचं?"

"मागचे सगळे तुकडे एकाच दिशेला आहेत. भट्टी वाचली."

"अन् माहा तुकडा?"

"त्यातही जुनी दिशा बरीच शिल्लक आहे. जाळ फारच मंद होता तुमचा. तो चहा तुम्ही प्यायलात कसा?"

हे मी बायकोले अजून सांगितलं नाई. तो चहा तिनंच पेला होता.