भावोजी आणि उंबऱ्याचा रंग

परमेश्वराने झाडं निर्माण केली, पण ब्रश हातात घ्यायच्या आत त्याला कुणीतरी हाक मारली आणि ते अर्धवट राहिलेलं काम आपल्या अंगावर येऊन पडलं, अशी आमच्या भावोजींची ठाम श्रद्धा आहे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ते तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मालवणजवळच्या त्यांच्या घरात रंग न लागलेलं लाकूड म्हणजे फक्त चुलीतलं, आणि तेही आक्का ते घाईने पेटवते म्हणून. दारं, खिडक्या, जेवायचे पाट, पडवीतलं बाकडं, सगळ्यांची आलटून पालटून पाळी येते. एकदा मी नवी कोरी पँट घालून त्या बाकड्यावर बसलो. भावोजी आतून धावत आले. मला वाटलं, पँटीसाठी हळहळतील. तर म्हणाले, "उठा नको रे! उठलंस तर रंग तुझ्यावांगडा निघान येतलो!" मग मला अलगद कसं सोडवायचं यावर त्यांचा विचार चालू झाला आणि आक्काने मला चहा तिथेच आणून दिला.

रंग लावण्यापेक्षा त्यांची खरी तपश्चर्या रंग निवडण्यात. दुकानातल्या शेड कार्डावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "कागदावरचो रंग म्हणजे फोटोतली सून रे! घरात इल्याशिवाय कळणा नाय." म्हणून ते हातभर फळकुटावर रंग लावतात आणि ते फळकूट सकाळी अंगणात, दुपारी फणसाखाली, तिन्हीसांजेला देवघरासमोर ठेवून न्याहाळत बसतात. चांगलं मत मिळावं म्हणून एकदा ते एसटीने फळकूट घेऊन कणकवलीला माझ्याकडे आले. मला चॉकलेटी आणि बदामी यांतला फरक चहात बुडवूनच कळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागच्या खिडकीचा रंग तर त्यांनी इतका जपून निवडला की तो ठरला तेव्हा वाळवीने खिडकी ठेवली नव्हती.

लावायची शिस्तही तशीच. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, अस्तर द्यायचं, आणि मग सकाळचा जमिनीकडचा वारा असेपर्यंतच ब्रश चालवायचा. समुद्राकडून झुळूक आली की "खारो वारो सुटलो!" म्हणून डब्याला झाकण. ओल्या रंगात चिलट पडलं तर ते आक्काच्या भरतकामाच्या सुईने असं काढतात, की चिलटालाही कळू नये.

अशा माणसावर गेल्या वर्षी घाईची वेळ आली. आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधाने आहे ती नजर टिकेल, गेलेली परत यायची नाही. तिला समोरचं दिसे, पायाखालचं दिसेना. माजघराच्या उंबऱ्याला अडखळून ती दोनदा पडली, तेव्हा मुंबईच्या भाच्याने फोनवर निकाल दिला, "चतुर्थीला येतो आणि आईला घेऊनच जातो." आक्का म्हणाली, "मी खंय जावचंय नाय. थंय फ्लॅटात बसान काय करू?" भावोजी उठले आणि फळकुटं रंगवायला बसले.

मग माजघरातल्या अंधुक उजेडात आक्काच्या पायाशी एकेक फळकूट ठेवून परीक्षा सुरू झाली. त्यांचा लाडका चॉकलेटी पहिला. "ह्यो दिसता गो?" "दिसता काय तो! काळोख दिसता." हिरवा नापास, निळा नापास. शेवटी राहिला पिवळाजर्द. शेजाऱ्याच्या फाटकाला तो लागला तेव्हा भावोजी म्हणाले होते, "ह्यो रंग न्हय, बोंब आसा." तेच फळकूट त्यांनी स्वतःची मान वळवून पुढे सरकवलं. आक्का म्हणाली, "थांबा. ह्यो दिसता."

भावोजींनी उंबरा, माळ्याच्या पायऱ्या, पलंगाचे कोपरे असं सगळं भर खाऱ्या वाऱ्यात पिवळंजर्द करून टाकलं. गाव हसायला आलं. भावोजी प्रत्येकाला "पाय जपान ठेव" एवढंच सांगत होते.

चतुर्थीला मी तिथेच होतो. आक्का नैवेद्याचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. भाचा धरायला अर्धा उठला, भावोजींनी त्याचं मनगट घट्ट धरलं. आक्काने खाली पाहिलं, पाय उचलला आणि उंबरा ओलांडून सरळ गणपतीपुढे गेली. भाचा खाली बसला. मुंबईचा विषय त्याने जाईपर्यंत काढला नाही.

परवा गेलो तर भावोजी उंबऱ्यापाशी मांडी घालून पॉलिश पेपर मारत होते. पावलांनी घासून मधला रंग उडून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. मी म्हटलं, "भावोजी, जरा टिकाऊ रंग घ्या की. सारखं काय हे?" मला वाटलं, आता खाऱ्या वाऱ्यावर प्रवचन होणार. त्यांनी उंबऱ्यावरून तळवा फिरवला, भुकटी फुंकली.

"झिजांदे रे," ते म्हणाले. "झिजता म्हणजे तुझी भयण चलता."

मी पॉलिश पेपरचा एक तुकडा घेतला आणि उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी बसलो.