लेकीच्या अॅम्पची चासी

लेकीने गिटारसाठी अॅम्प्लिफायर, तोही जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, मागितला तेव्हा मी आधी तिच्यावरच संशय घेतला. युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आईला "तूच बनवून दे ना" म्हणते, तेव्हा मागे काहीतरी असतं. खोदून विचारल्यावर कळलं की तिच्या बँडमधल्या एकीला तिच्या वडिलांनी घरी अॅम्प बनवून दिला होता.

"आणि ते अकाउंटंट आहेत, आई."

हे मुद्दाम होतं आणि नेमकं लागलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे.

टार्निटच्या या उपनगरात यायच्या आधी सात वर्षं मी कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत मेंटेनन्सला होते. 'बंद केली आहे' असं सांगितलेल्या लाइनला तिथे कोणी तसाच हात लावत नसे. आधी चालू लाइनला लावून मीटर चालतोय का बघायचं, मग लाइन तपासायची, मग जोड हलवून पुन्हा तपासायची. नोकरी आता टेबलावरची आहे, सवय तीच आहे. नवरा म्हणतो, ही दुधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते. वाचते.

व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट असतात. ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, सगळं ज्या धातूच्या पेटीवर बसवतात ती चासी. गिटारच्या तारा केबलमधून याच चासीला जोडलेल्या असतात. म्हणजे लेक वाजवत असताना तिची बोटं चासीवर असल्यासारखीच. आतली एखादी वायर सुटून पेटीला लागली आणि चासीला अर्थिंग असेल, तर फ्यूज उडतो आणि विषय संपतो. अर्थिंग नसेल तर करंट लेकीच्या हातातून जाणार. आवाज कसा येतो ते तिने बघावं, चासी मी बघणार होते.

पहिली सूचना नवऱ्याची. "पोळ्यांचा चौकोनी डबा घे की. स्टीलचा आहे, घरातच आहे."

"तुझ्या आईने पुण्याहून आणलेला?"

"ती काय इथे बघायला येणार आहे?"

"डिसेंबरात येणार आहे. तिकीट तूच काढलंस."

तो लॅपटॉपकडे वळला. तसंही स्टेनलेस स्टीलला व्हॉल्व्हच्या सॉकेटएवढं भोक पाडायचं म्हणजे ड्रिलच्या बिटांची वाट लागते. शिवाय त्या डब्याचं झाकण घट्ट बसत नाही. ज्यात पोळ्या मऊ राहत नाहीत त्यात मी चारशे व्होल्ट ठेवणार नव्हते.

दुसरी चासी ऑनलाइन दिसली. शेजारच्या ट्रुगानिनातले एक म्हातारे गृहस्थ जुन्या अॅम्पची रिकामी पोलादी चासी देऊन टाकत होते, भोकांसकट. लेक खूश झाली, म्हणून मी जास्त सावध झाले. त्यांच्या गॅरेजमध्ये मी चासी उन्हात धरून फिरवली. रंगाचे तीन थर. ट्रान्सफॉर्मरच्या जागेजवळ काळपट डाग. कशासाठी पाडली ते कळत नाही अशी चार भोकं.

"ही कशाची?"

"माझ्या आधीच्या मालकाने पाडली असतील. नो वरीज."

"आणि हा डाग?"

"जुना आहे. नो वरीज, मेट."

"अॅम्प बंद कशाने पडला होता?"

त्यांनी खांदे उडवले आणि तिसऱ्यांदा नो वरीज म्हणाले. खाणीत जो माणूस हे तीनदा म्हणायचा त्याचं काम मी सगळ्यात आधी तपासायचे. चासी तिथेच ठेवली.

गाडीत लेक म्हणाली, "मॉम, यू इंटरोगेटेड हिम."

"चौकशी केली."

"ही ऑफर्ड यू टी!"

"ते तर आणखीच संशयास्पद."

शेवटी मी पत्र्याचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपमधून माझ्या मापाने अॅल्युमिनियमची नवी चासी वाकवून घेतली. जाडी दोन मिलिमीटर सांगितली होती, मोजली तर दोनच भरली. कोपरे काटकोनात होते. खोट सापडली नाही म्हणून गुण्या लावून पुन्हा बघितलं.

पत्र्यावर दोन्ही बाजूंनी पारदर्शक फिल्म होती. भोकं पाडताना मी ती राहू दिली. ते बरोबरच होतं, चरे पडत नाहीत. पण भोकं झाल्यावर ती काढायला हवी होती. आमच्या घरात फिल्म कोणी काढत नाही. असा नियम कोणी केलेला नाही, सगळे पाळतात मात्र. ओव्हनच्या पॅनेलवर आहे, फ्रिजच्या हँडलवर आहे, गाडीच्या दारातल्या पट्टीवर आहे. पाच वर्षं झाली. वस्तू नवी राहते, एवढंच कारण.

तीन शनिवार-रविवार गेले. अर्थिंगची वायर मी स्वतंत्र बोल्टने चासीला आवळली. चौथ्या रविवारी दुपारी बँडची प्रॅक्टिस होती. लेक गिटार पाठीला लावून गॅरेजमध्ये उभी, बाहेर मैत्रिणीची गाडी चालू.

मी प्लग भिंतीत लावला नव्हता. मीटरची टोकं एकमेकांना लावली, मीटर वाजला; दोन टोकांमध्ये जोड सलग असला की तो वाजतो. मग एक टोक प्लगच्या अर्थ पिनला आणि दुसरं गिटारची केबल घुसते त्या सॉकेटच्या धातूला लावलं. पुन्हा वाजला.

"इट बीप्ड. कॅन वी गो?"

"थांब."

"आई, वाजला ना! तू पण ऐकलंस."

मी अॅम्प उलटा केला, बोल्ट बोटाने हलवला, टोकं पुन्हा लावली. मीटर गप्प. पुन्हा लावली, तरी गप्प. बाहेर हॉर्न वाजला.

"मैत्रिणीला सांग, अॅम्प येत नाही."

"अगं पण आत्ताच वाजला होता!"

"म्हणूनच."

ती पाय आपटत गेली, तिकडचा कुणाचा तरी अॅम्प वापरायला. मी आधी वर्कशॉपवर संशय घेतला, पत्र्यावर काही थर दिला असेल म्हणून. मग वायरवर. मग नवऱ्यावर, कारण बोल्ट आवळताना पाना त्याने धरला होता.

"मी फक्त धरला होता," तो दारातून म्हणाला.

बोल्ट काढला. वॉशरच्या खाली फिल्मवर गोल ठसा उमटला होता, आतल्या बाजूलाही तसाच. वॉशर पत्र्यावर नाही, प्लॅस्टिकवर बसला होता. बोल्ट भोकाच्या कडेला टेकला की मीटर वाजायचा, सरकला की बंद. फिल्म मी ठेवली होती, वॉशर मी घातला होता. मी एकदाच तपासलं असतं तर लेक तो अॅम्प घेऊन गेली असती.

सगळं उतरवायला दोन संध्याकाळी लागल्या. फिल्म सोलली, बोल्टभोवतीचा पत्रा सँडपेपरने घासला, दातेरी वॉशर घातला. पुढच्या रविवारी मी मीटर लावला, वाजला. उलटा करून, हलवून लावला, वाजला.

"झालं. ने आता," मी म्हणाले.

लेकीने गिटार खाली ठेवली आणि माझ्या हातातून मीटर घेतला. दोन टोकं एकमेकांना लावून बघितली. मग तिने अॅम्प स्वतः उलटा केला, बोल्ट हलवला, टोकं लावली. वाजला. सरळ करून पुन्हा लावली.

बाहेर हॉर्न वाजला.

"वेट!" ती गॅरेजमधूनच ओरडली आणि चासीचा दुसरा कोपरा तपासायला लागली.