तात्यांची बोरॉनची पिशवी

माझे वडील, तात्या, गेले आणि त्यांचं म्हणून जे काही होतं ते आईने आठवड्यात वाटून टाकलं. कपडे, चपला, काठीसुद्धा. ठेवली ती एकच वस्तू: फवारणीच्या खोलीतली बोरॉन खताची अर्धी पिशवी, तात्यांनी सुतळीने गाठ मारलेली. त्या गाठीला कुणी हात लावायचा नाही. आई रोज संध्याकाळी तिथे जाऊन पिशवीशी बोलायची. लाईट आली, पाणी सोडलं, असलं काहीबाही. मी चिडायचे. पण त्या खोलीत एकटीने जायला मलाही भीती वाटायची, खोटं कशाला बोलू!

लोणी भापकरला आमची डाळिंबाची बाग आहे. यंदा फळं चांगली फुगली आणि तडकायला लागली. बोरॉन कमी पडलं की असं होतं. बहार हातचा गेला तर वर्ष गेलं, म्हणून मी बारामती गाठली. खताच्या दुकानदाराने हात झटकले.

"माल न्हाय, ताई. आपल्याकडं निघतोय कुठं? लडाखात थोडा हाय म्हणत्यात, पण खरा साठा तिकडं तुर्कस्तानात. जहाज आलं तर माल."

तुर्कस्तानच्या जहाजाची वाट बघायची, आणि घरात अर्धी पिशवी पडून! मी आईला तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच गाठ सोडली आणि सुतळी कमरेला खोचली.

ओल धरून पावडरीचा दगड झाला होता. वरच चार बोटांचे खळगे. तात्या वाटी कधी घ्यायचेच नाहीत, उघड्या हाताने मूठ भरायचे. त्यावरून आमची किती भांडणं व्हायची. शेवटच्या मुठीची खूण तशीच राहिली होती.

आम्ही कडेकडेने ढेकळं फोडली. जास्त झालं तर पानं करपतात, म्हणून मोजून कोमट पाण्यात टाकली. बोटांच्या खुणांचा तेवढा तुकडा मागे ठेवला. मोजमापात तोच कमी पडत होता.

"राहू दे गं तो," मी म्हणाले.

आईने आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली. मग तुकडा बादलीत सोडला.

"झाडं त्येंचीच हायेत," म्हणाली, आणि पार दिसेनासा होईपर्यंत ढवळत राहिली.

ते पाणी बागेवर फवारलं, आणि पुढची फळं तडकली नाहीत. व्यापारी माल बघून खूश झाला. आई मात्र डाळिंबाला शिवत नाही. मी एकदा सोललं. दाणे तोंडात घेतले, तात्यांची ती मूठ आठवली, आणि गिळवेनात.