सरांच्या वहीतली शेवटची नोंद

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. सांगतेय एवढं खरं.

मी सौंसरला घरी बसून एका परदेशी कंपनीचं काम करते. प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेचा कंपायलर सांभाळते. आपण लिहिलेला प्रोग्रॅम तो मशीनला कळेल असा करून देतो, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते सांगतो. दुसऱ्या प्रोग्रॅमांनी कंपायलरशी कसं बोलायचं, त्याच्या ठरलेल्या वाटा असतात, म्हणजे इंटरफेस. जुने झाले की ते काढावे लागतात. त्याचीही रीत आहे. आधी वर्षभर सूचना द्यायची, नव्या वाटेवर कसं यायचं ते लिहून द्यायचं, मग काढायचं. सूट एकच — कोणीच वापरत नसेल तर लगेच काढा.

असाच एक इंटरफेस माझ्याकडे आला. फॉर्मवर प्रश्न होता, हा कोणी वापरतं का? मी लिहिलं — कोणी नाही.

खोटं होतं ते. धडधडीत खोटं.

माझे सर वापरत होते. बसस्टँडमागे, वरच्या मजल्यावर, त्यांचा कम्प्युटर क्लास. रामाकोन्याची पोरं यायची, मी मोहगावहून बसने यायचे. इंग्रजीतल्या चुका वाचून आम्ही भेदरायचो. म्हणून सरांनी याच इंटरफेसने कंपायलरला जोडून एक प्रोग्रॅम लिहिला, तो आमची चूक आमच्या बोलीत सांगायचा. "बाप्पा, कंस उघडला, तं बंद कोन करन?" हे वाक्य माझं आहे. बारावीत असताना सुचलेलं. सरांनी ते पडद्यावर माझ्या नावासकट ठेवलं होतं, इतकी वर्षं.

सरांचा एक नियम होता, "पयले आपली चूक पाहा, मंग मशीनले बोल लावा." प्रत्येकाला चुकांची वही ठेवावी लागे. काय चुकलं, कोणाचं चुकलं, कशामुळे. सर स्वतःचीही ठेवायचे.

तर — जुन्यापैकी काय काय वापरता, असं कंपनीने सगळ्यांना विचारलं होतं. उत्तरं मी एकटीच उघडत होते. त्यात सरांचं निघालं. तोडकंमोडकं इंग्रजी, सोबत पडद्याचा फोटो. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण मला ते एका शब्दाने बोलले नव्हते. ओळख लावणं त्यांना आवडत नाही.

मी फोटो पाहिला. ते "बाप्पा", आणि खाली माझं नाव. कंपनीत सगळ्यांना वाटायचं, मी मोठ्या शहरात, मोठ्या कॉलेजात शिकले. तसं मीच भासवलं होतं. आता हे पुढे पाठवलं तर ती माणसं हसतील — बस, एवढंच मनात आलं. दुसरं काही नाही. मी सरांचं उत्तर पुसून टाकलं आणि फॉर्मवर ते "कोणी नाही" लिहिलं. वर इंटरफेस काढल्याबद्दल शाबासकी मिळाली, छान साफसफाई केलीस म्हणून. मी थँक्यू म्हटलं. किळस येते मला त्या थँक्यूची.

नवा कंपायलर आला आणि सरांचा प्रोग्रॅम मुका झाला. पडदा कोरा. मी मुद्दाम भेटायला गेले — कशाला? मेलेलं पाहायला? सर छापील कागदांवर पेन्सिल घेऊन बसले होते. ओळ न् ओळ तपासत होते.

"दोन महिने झाले पाहून राहिलो बेटा," ते म्हणाले. "म्या त्याइले लिहून देल्लं होतं, का आमी हे वापरतो. काढलं असतं तं त्याइनं सांगितलं असतं ना? म्हणजे खोट माह्यातच हाय."

माझं दोन दिवसांचं काम होतं ते. दोन दिवसांत चालू करून दिलं असतं. पण मग कशाने बंद पडलं, हेही सांगावं लागलं असतं.

"जुनं झालं होतं सर," मी म्हटलं.

"हो, मीबी झालोच," ते हसले. पोरं पुन्हा इंग्रजीतल्या चुकांना भिऊ लागली होती, एकेक करून येईनाशी झाली होती. जूनपासून क्लास बंद करतो, म्हणाले. आणि त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, शेवटची नोंद बरोबर आहे का बघायला. जुन्या विद्यार्थिनीला, कंपायलरवाल्या पोरीला.

काय चुकलं: प्रोग्रॅम बंद. कोणाचं चुकलं: माझं. कशामुळे: सापडलं नाही.

पेन्सिल तिथेच पडली होती, माझ्या हाताशी. मी नोंद वाचली. "बरोबर आहे सर," म्हटलं आणि वही मिटून त्यांना परत दिली.