अर्धी भरलेली टाकी

तुळिंजच्या आमच्या इमारतीत पाणी दिवसाआड यायचं, म्हणून प्रत्येकाने बाथरूमवरच्या माळ्यावर टाकी चढवली होती. माळा म्हणजे बारीक सळ्या घालून ओतलेला पातळ स्लॅब. बिल्डरने तो ट्रंका, गाद्या ठेवायला दिलेला. टाकी भरली की त्याच्यावर भार यायचा, संपली की उतरायचा. वर्षानुवर्षं हेच.

मी तेव्हा काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे आम्ही तुळईवर भार द्यायचो, काढायचो, पुन्हा द्यायचो. भार काढला की भेग मिटल्यासारखी दिसते. पण दर खेपेला ती केसभर पुढे सरकते आणि काँक्रीटमधली सळईची पकड सुटत जाते. शेवटी तुळई मोडते ती आधी सहज पेललेल्या भाराखाली.

आमच्या माळ्याला खालून भेग दिसली, तेव्हा मी तिच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"काय गो, भेग मोजतेस की पोराची उंची?"

गणपतीपर्यंत भेग रेघेच्या पुढे गेली. टाकी खाली घ्यायची, मी म्हटलं.

"इतकी वर्षं टिकलाय ना माळा?" नवरा म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

अडचण सासूबाईंची होती. त्यांचे गुडघे गेलेले आणि आम्ही दोघं दिवसभर मुंबईला. टाकी वर होती म्हणून त्यांना नळ सोडून, कुणाची वाट न बघता आंघोळ करता यायची.

"खाली घेतलीत तर बादली कोण उचलणार? तुझी पेन्सिल?"

बरीच वादावादी होऊन रविवारी प्लंबरला बोलवायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी माळा एका बाजूने खाली आला. सासूबाई स्टुलावर बसून अंगाला साबण लावत होत्या.

"टाकी अर्धीच होती गं," हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नवरा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पूर्ण भरलेली असताना काही झालं नाही."

खुब्याचं हाड जुळलं, पण त्या पुन्हा चालल्या नाहीत. नवी टाकी जमिनीवर ठेवली. कामावर जाण्याआधी मी बादली भरून त्यांच्या खाटेशी न्यायची आणि त्यांचं अंग पुसून द्यायची. तेवढा वेळ त्या छताकडे बघत राहायच्या.

"इथं पण एक रेघ मार गो," एकदा म्हणाल्या.

मी वर पाहिलं. भेग नव्हती. तसं सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही.