उसाच्या फडातले उंदीर

घरामागचा ऊस तुटला आणि फडातले उंदीर आमच्या घरात शिरले. चार दिवसांत त्यांनी कांद्याच्या बियाण्याची पिशवी कुरतडली. सासरे म्हणाले, "दुकानातनं औषध आणतो."

"औषध नको, आप्पा. आपली मांजर व्यालीय. तिनं मेलेला उंदीर खाल्ला तर पिल्लांचं काय? मला रविवारपर्यंत वेळ द्या."

मी रांजणगावला एका कंपनीच्या गोदामात कामाला आहे. उंदीर मारण्याआधी त्याची वाट शोधायची, हे मी तिथंच शिकले. शनिवारी मी भिंतीच्या कडेनं पीठ भुरभुरलं. सकाळी पिठातली पावलं मोरीकडं गेलेली दिसली. सांडपाण्याच्या पाइपाभोवती दोन बोटं फट होती.

"एवढ्याशा फटीतनं येतात व्हय?" म्हणत आप्पांनी स्वतःच सिमेंट कालवलं. मी त्यात काचेचा चुरा मिसळून फट बुजवली. आत अडकलेल्यांसाठी पिंजरा लावला. आठवड्यात सहा उंदीर सापडले, नंतर पिंजरा रिकामाच राहिला.

पुढं शेजारच्या मामांनी औषधाचं नाव विचारलं. आप्पा म्हणाले, "औषध न्हाई घातलं. आमच्या सूनबाईंना घर दाखवा, त्या वाट शोधून देतील."

त्यानंतरच्या रविवारी मी मामांकडं पीठ घेऊन गेले.